आमचा वातीचा स्टोव्ह

आमच्या स्वयंपाकघरांतील फडताळाच्या सर्वांत वरच्या फळीवर एक जुना वातीचा स्टोव्ह ठेवलेला आहे. त्याचा हिरवा रंग ठिकठिकाणीं उडालेला असून एका पायाला तारेचा वेढा दिलेला आहे. घरांत गॅस आल्यापासून त्यावर साधा चहाहि झालेला नाहीं. येणारा पाहुणा त्याच्याकडे पाहून, "ही अडगळ अजून कशाला ठेवली?" असें विचारतो, आणि मी हंसून वेळ मारून नेतों. परंतु या वार्षिकांत कांहीं लिहावें अशी सूचना आली तेव्हां दुसरा कोणताहि भारदस्त विषय न सुचतां हा स्टोव्हच डोळ्यांपुढें उभा राहिला. एका थंडीच्या रात्रीं त्यानें आमच्या घरांतील चार माणसें जवळजवळ नेलीं होतीं. आणि खरें सांगावयाचें तर दोष त्याचा नव्हता, माझा होता. ती हकीकत मुलांना उपयोगी पडेल, आणि कदाचित् त्यांच्या आईबापांनाहि, म्हणून ती येथें लिहून काढीत आहें.

आमचें गांव सास्तूरच्या परिसरांत आहे. हा भाग त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यांत होता. आज तो लोहारा तालुक्यांत मोडतो, आणि जिल्ह्यालाहि २०२३ पासून धाराशिव असें नांव आहे. मातींत रचलेल्या काळ्या दगडांच्या दोन दोन हात जाड भिंती, आणि वर लांकडी तुळयांवर मातीचा जड थर घातलेलें माळवद, अशीं आमच्याकडचीं जुनीं घरें असत. उन्हाळ्यांत तीं गार राहत आणि हिवाळ्यांत उबदार. त्यामुळें थंडी म्हणजे काय हें आम्हां मुलांना फारसें ठाऊकच नव्हतें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणपतिविसर्जन करून गांव गाढ झोपलेलें असतां भूकंप झाला, आणि ज्या भिंतींनीं पिढ्यान् पिढ्या आम्हांस ऊब दिली त्याच आमच्या अंगावर आल्या. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें त्या पहाटे दगावलीं. आमच्या घरांतून आजोबा गेले. आजीचा पाय तुळईखालीं सांपडून मोडला. आई, अण्णा, माझी पांच वर्षांची बहीण आणि मी, एवढीं वांचलों. त्या पहाटेचें अधिक वर्णन करण्याचें येथें प्रयोजन नाहीं; ज्यांनीं ती पाहिली त्यांना तें नको असतें, आणि ज्यांनीं पाहिली नाहीं त्यांना तें सांगून कळत नाहीं.

चौथ्या दिवशीं ढिगारा उपसतांना हा स्टोव्ह सांपडला. आईनें तो पदरानें पुसला आणि बराच वेळ मांडीवर घेऊन ती बसून राहिली. माहेरहून लग्नांत मिळालेल्या वस्तूंपैकीं तेवढी एकच तिच्या हातीं लागली होती. त्याच्या टाकीला पोंचा आला होता, एक पाय वांकला होता, आणि वरचें भोकांचें नळकांडें एका बाजूनें चेपलें होतें. परंतु टाकी गळत नव्हती. अण्णांनीं वांकड्या पायाला तार गुंडाळली व स्टोव्ह उभा केला. तो पेटला तेव्हां शेजारचीं दोन घरें आपापलीं पातेलीं घेऊन आमच्याकडे आलीं. त्या दिवसांत पेटता स्टोव्ह ही लहान गोष्ट नव्हती.

आजच्या मुलांपैकीं कित्येकांनीं वातीचा स्टोव्ह पाहिलाहि नसेल, म्हणून त्याची रचना थोडक्यांत सांगतों. घासलेटावर चालणारे स्टोव्ह दोन जातींचे. एक पंपाचा. स्वीडन देशांतील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या गृहस्थानें १८९२ सालीं तो सिद्ध केला व 'प्रायमस' या नांवानें तो जगभर गेला. त्याच्या टाकींत पंपानें हवा भरावयाची, म्हणजे तापलेल्या बर्नरमधून घासलेटाची वाफ जोरानें बाहेर पडते आणि मोठा आवाज करीत जळते. दुसरा आमच्यासारखा वातीचा. हा मुका. त्याच्या टाकींत दहा सुती वाती बुडालेल्या असतात आणि एका दांड्यानें त्या सर्व एकदम वर-खालीं करतां येतात. वातींच्या वर, एकांत एक बसणारीं, बारीक भोकांचीं दोन नळकांडीं असतात. वातींतून चढलेल्या घासलेटाची उष्णतेनें वाफ होते, त्या भोकांतून हवा आंत येते, दोहोंचें मिश्रण होतें, आणि सर्व कांहीं जागच्या जागीं असेल तर निळी, स्थिर, बिनधुराची ज्योत मिळते. फरिदाबाद येथील इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रांत १९७७ च्या सुमारास घासलेट कमी लागावें म्हणून 'नूतन' नांवाचा स्टोव्ह तयार झाला. आमचा त्याच धर्तीचा होता.

दिवाळीनंतर आम्ही पत्र्याच्या शेडांत राहावयास गेलों. अण्णा दिवसभर ढिगारा उपशीत किंवा शेतावर असत. आईहि त्यांच्याबरोबर राबे. घरांतला मोठा मुलगा म्हणून स्टोव्हची देखभाल माझ्याकडे आली. मी तेव्हां नववींत होतों आणि मला आपल्या हुशारीचा बराच अभिमान होता. देखभाल म्हणजे रेशनच्या दुकानाच्या रांगेंत उभें राहून घासलेट आणणें, टाकी भरणें व काडी लावणें, एवढेंच मला ठाऊक होतें. ज्योत निळी येण्याऐवजीं पिवळी येई, तिची जीभ वर लांबवर जाई, भांड्यांचीं बुडें काळीकुट्ट होत. आई म्हणे, "अरे, राखेनें घासून घासून माझीं बोटें झिजलीं, जरा बघ तरी त्याला काय झालें आहे तें." मी दांडा फिरवून वाती आणखी वर करीत असें. ज्योत मोठी झाली म्हणजे स्टोव्ह सुधारला, असा माझा समज होता. पिवळी ज्योत ही स्टोव्हची तक्रार असते, आणि मी तिलाच त्याचें सामर्थ्य समजत होतों.

डिसेंबर महिना आला. बालाघाटाच्या या पठारावर रात्रींचा वारा झोंबतो. पत्र्याचें शेड दुपारीं तव्यासारखें तापे आणि मध्यरात्रीं इतकें गार पडे कीं पत्र्याला हात लावला तर चटका बसल्यासारखें वाटे. आजीचा मोडलेला पाय थंडीनें ठणकूं लागे. ती सहसा कण्हत नसे, परंतु एका रात्रीं ती हळूच म्हणाली, "लेकरा, थंडी हाडांत शिरली रे." अण्णा त्या रात्रीं हरभऱ्याला पाणी देण्यासाठीं शेतावर गेले होते, कारण विहिरीवरच्या मोटारीला वीज रात्रींच मिळे. घरांत मोठा पुरुष काय तो मीच, असें मला वाटलें, आणि आजीसाठीं कांहींतरी करून दाखवावें अशी ऊर्मि आली.

मीं स्टोव्ह शेडाच्या मधोमध ठेवून पेटवला व वाती होत्या तितक्या वर केल्या. मग मी शेडाच्या मागें लागलों. पत्रे जेथें जमिनीला टेंकत तेथील फटींत चिंध्या कोंबल्या. वरच्या फटींत पोत्याचे तुकडे खुपसले. दाराच्या पत्र्यावर आंतून एक वाकळ टांगली व तिचें खालचें टोंक दगडाखालीं दाबलें. वारा येण्यास तिळाएवढी जागा उरूं नये, म्हणून दिवा घेऊन मीं चारी कोपरे तपासले. ही माझी त्या महिन्यांतली सर्वांत काळजीपूर्वक केलेली कामगिरी होती. थोड्याच वेळांत शेड उबदार झालें. आजीनें माझ्या डोक्यावरून हात फिरवून माझी दृष्ट काढली. आई दिवसभर दगड उचलून इतकी दमली होती कीं तिचे डोळे मिटतच होते, तरी ती म्हणाली, "झोपण्याआधीं आठवणीनें विझव हं." मी "हो" म्हटलें. आजीला गाढ झोप लागेपर्यंत राहूं द्यावा, मग विझवूं, असा विचार करून मी पांघरूण घेऊन बसलों. पुढें काय झालें तें मला आठवत नाहीं.

आठवतें तें एवढेंच कीं डोकें शिसें भरल्यासारखें जड झालें होतें, पोटांत ढवळत होतें, आणि उठावें असें वाटत असूनहि हात उचलत नव्हता. ही झोपच आहे असें मी समजत होतों. मग एकाएकीं तोंडावर थंड वारा आला आणि कोणीतरी मला दंडाला धरून ओढलें. ते अण्णा होते. शेतावरची वीज अर्ध्या रात्रींच गेली होती, म्हणून ते पहाटेऐवजीं मध्यरात्रींच घरीं परतले होते. वीज गेली म्हणून आमच्या भागांतला शेतकरी नेहमींच चडफडतो. त्या रात्रीं ती गेली नसती तर ही हकीकत सांगण्यास कोणी उरलें असतें असें मला वाटत नाहीं.

अण्णांनीं वाकळ फाडून काढली, स्टोव्ह विझवला आणि आम्हांस एकेकाला उचलून बाहेर अंगणांत आणलें. आई अडखळत स्वतःच्या पायांनीं आली. आजीनें डोळे उघडले. बहीण मात्र हांकेला ओ देईना. अण्णा तिला खांद्यावर घेऊन मोकळ्या वाऱ्यांत येरझारा घालीत होते, तिच्या नांवानें हांका मारीत होते, आणि मी भिंतीला टेंकून तें पाहत होतों. तीन महिन्यांपूर्वीं आम्ही एक माणूस मातीआड केलें होतें. किती वेळ गेला हें सांगतां येत नाहीं. अखेर तिला उलटी झाली आणि ती मोठ्यानें रडूं लागली. तें रडणें ऐकून अण्णा तिच्यासकट मटकन् खालीं बसले. त्यानंतर उजाडेपर्यंत आम्ही पांचजण वाकळा गुंडाळून उघड्यावर बसून होतों. थंडी भयंकर होती, परंतु आंत जाण्याचें नांव कोणीं काढलें नाहीं.

अण्णांनीं मला मारलें नाहीं. फक्त एकदां विचारलें, "आईनें विझव म्हटलें होतें ना?" मीं मान खालीं घातली. आजीच उलट म्हणूं लागली, "त्याला बोलूं नको. मीच थंडी थंडी केलें." हें ऐकून मला जें वाटलें तें माराहून कठीण होतें.

सकाळीं तिघींना औषधोपचार झाल्यावर मी शाळेंत गेलों. शाळाहि तेव्हां पत्र्याच्या शेडांतच भरे. विज्ञान शिकविणाऱ्या गुरुजींना मीं सर्व सांगितलें. त्यांनीं त्या दिवसाचा पाठ बाजूला ठेवला व फळ्यावर एक ज्योत काढली. ते म्हणाले, घासलेटांत कार्बन व हायड्रोजन हीं दोन मूलद्रव्यें असतात. भरपूर हवा मिळाली तर कार्बनाचा कार्बन डायऑक्साइड होतो व हायड्रोजनाचें पाणी होतें. हवा अपुरी पडली तर कांहीं कार्बन न जळतां काजळी होऊन भांड्यांना चिकटतो, आणि कांहीं अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु होतो. या वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूला जेवढें धरतें त्याच्या दोनशेंपटींहूनहि अधिक घट्ट तें या वायूला धरतें. त्यामुळें माणूस श्वास घेत असतांहि त्याचें शरीर आंतून गुदमरत असतें, आणि त्याला मात्र केवळ झोंप येते असें वाटतें. गुरुजींनीं आणखी एक गोष्ट बजावली, ती मी कधीं विसरलों नाहीं: ज्योत निळी असली तरी बंद खोलींत ती फार वेळ निळी राहत नाहीं. खोलींतला प्राणवायु कमी झाला कीं चांगला स्टोव्हहि बिघडल्यासारखा जळूं लागतो. म्हणजे मीं दोन चुका केल्या होत्या. बिघडलेला स्टोव्ह पेटवला ही एक; आणि चांगल्या स्टोव्हलाहि बिघडविल असें घर केलें ही दुसरी.

पुढच्या बाजारच्या दिवशीं अण्णा मला व स्टोव्हला घेऊन उमरग्यास गेले. तेथें रस्त्याच्या कडेला एक वृद्ध मिस्त्री गोणपाटावर हत्यारें मांडून स्टोव्ह, कंदील आणि गॅसबत्त्या दुरुस्त करीत असत. सर्वजण त्यांना चाचा म्हणत. अण्णांनीं त्यांना सांगितलें, "चाचा, स्टोव्ह दुरुस्त करा, पण पोराच्या हातून करून घ्या." चाचांनीं स्टोव्ह पेटवून पाहिला, पिवळी ज्योत पाहून मान हलविली आणि मला विचारलें, "बेटा, यांत काय जळतें?" मी म्हणालों, "घासलेट." ते म्हणाले, "अर्धें घासलेट, अर्धी हवा. घासलेट तूं पैसे देऊन आणतोस म्हणून तें तुला दिसतें. हवा फुकट मिळते, म्हणून तिची याद राहत नाहीं."

मग त्यांनीं माझ्याकडून स्टोव्हचा प्रत्येक भाग सुटा करविला. चेपलेलें नळकांडें गोल लांकडावर चढवून हलक्या हातानें ठोकून वाटोळें करविलें, कारण आंतल्या व बाहेरच्या नळकांड्यांतील अंतर सगळीकडे सारखें नसेल तर एका बाजूला हवा अधिक व दुसऱ्या बाजूला कमी, असें होतें. तीन महिन्यांच्या काजळीनें बुजलेलीं भोकें बारीक तारेनें एकेक करून मोकळीं करविलीं. तीं किती होतीं हें मीं मोजलें नाहीं, परंतु बाजार उठत आला तरी मी तारच फिरवीत होतों. नंतर वाती. त्यांचीं टोंकें जळून कोळसा झालीं होतीं व दहांपैकीं तीन खालीं घसरल्या होत्या. चाचांनीं नव्या वाती ओंवावयास लावल्या, सर्व एकदम वर केल्या आणि कात्रीनें एका पातळींत कापविल्या. एक वात उंच राहिली तर तिच्यापुरती ज्योत पिवळी होते, आणि एक पिवळी जीभ सगळ्या स्टोव्हला काजळी आणते. टाकींत तळाशीं थोडें पाणी व गाळ सांपडला; चटचट आवाज त्याचाच होता. टाकी धुऊन, वाळवून, घासलेट फडक्यांतून गाळून भरावयाचें. तेंहि कांठोकांठ नव्हे, थोडी जागा ठेवून. वाती नवीन असल्या तर त्या पुरत्या भिजेपर्यंत थांबावयाचें, काडी लावण्याची घाई करावयाची नाहीं. पेटवल्यावर नळकांडीं हलक्या हातानें उजवीकडे-डावीकडे फिरवून नीट बसलीं कीं नाहींत तें पाहावयाचें. स्टोव्ह सपाट जागीं, थेट वाऱ्याच्या झोतांत नाहीं, असा ठेवावयाचा. पेटत्या वा तापलेल्या स्टोव्हांत घासलेट कधींहि ओतावयाचें नाहीं. विझवितांना फुंकर मारावयाची नाहीं. वाती खालीं घ्यावयाच्या आणि ज्योत आपोआप शांत होऊं द्यावयाची.

हें सर्व झाल्यावर मीं काडी लावली. आधीं थोडी पिवळी झाक आली, मग ज्योत आंत ओढली गेली, आणि हळूहळू नळकांड्याच्या तोंडाशीं निळें, ठेंगणें, शांत कडें उभें राहिलें. ती मोठी नव्हती. परंतु चाचांनीं तिच्यावर पाण्याचा डबा ठेवला आणि आमच्या जुन्या मोठ्या ज्योतीला लागत असे त्याच्या निम्म्याहून कमी वेळांत पाणी उकळलें. डब्याचें बूड त्यांनीं मला दाखविलें. तें स्वच्छ होतें. दुरुस्तीचे पैसे घेतांना त्यांनीं नव्या वातींचे तेवढे घेतले. "काम तर पोरानें केलें," असें ते म्हणाले.

घरीं आल्यावर अण्णांनीं छिन्नी घेऊन शेडाच्या एका बाजूला जमिनीलगत आणि समोरच्या बाजूला छताखालीं वीतभर लांबीचीं दोन झरोके पाडले. नवा पत्रा कापतांना आईला वाईट वाटलें, परंतु ती कांहीं बोलली नाहीं. आजीच्या थंडीचा प्रश्न मात्र उरलाच. त्यावर तोड आईनें काढली. आमच्या पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यांतून तिनें एक चपटा, गुळगुळीत दगड निवडून आणला. संध्याकाळीं स्वयंपाक बाहेर, पडवीखालीं, होई. तो आटोपला कीं तव्यावर तो कोरडा दगड मंद आंचेवर तापवावयाचा, स्टोव्ह तेथेंच विझवावयाचा, आणि दगड जाड फडक्यांत गुंडाळून आजीच्या पायाशीं ठेवावयाचा. ऊब आंत येई, ज्योत बाहेर राही. ज्या भिंतीनें आजीचा पाय मोडला तिचाच दगड तिचा पाय शेकीत असे. आजी त्याला "तुझ्या आजोबांचा दगड" म्हणे, आणि तो पहाटेपर्यंत गरम राहतो असें सांगे. तो इतका वेळ गरम राहत नसे हें मला ठाऊक होतें, परंतु मीं तें कधीं बोलून दाखविलें नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं मला रिचर्ड बर्ड या अमेरिकन दर्यावर्दी संशोधकाची हकीकत वाचावयास मिळाली. १९३४ च्या हिवाळ्यांत हवामानाची नोंद ठेवण्यासाठीं तो दक्षिण ध्रुवाच्या प्रदेशांत, आपल्या मुख्य तळापासून सुमारें १२३ मैल दूर, बर्फांत पुरलेल्या एका लहानशा खोपटांत एकटाच राहिला होता. ऊब देण्यासाठीं त्याच्याजवळ तेलावर जळणारी शेगडी होती. तिच्या धुराड्याचे सांधे नीट बसत नव्हते आणि हवा खेळविणाऱ्या नळ्या बर्फानें चोंदत असत. त्याच कार्बन मोनॉक्साइडनें तो अंथरुणास खिळला. शेगडी पेटवावी तर विष, न पेटवावी तर गोठून मृत्यु, अशा पेंचांत त्यानें कित्येक आठवडे काढले. सोबत्यांनीं अंधारांत जीव धोक्यांत घालून येऊं नये, म्हणून बिनतारी यंत्रावर त्यानें आपल्या दुखण्याचें नांवहि काढलें नाहीं. परंतु त्याच्या अडखळत्या संदेशांवरून त्यांना संशय आला, आणि ऑगस्टमध्यें तिघेजण त्याच्यापर्यंत पोहोंचले. तो वांचला. ती हकीकत वाचतांना मला आमचें शेड आठवलें. सर्व साधनांनीं सज्ज अशा मोहिमेच्या नायकावर जो प्रसंग आला तोच एका नववींतल्या पोरानें आपल्या घरावर ओढवून घेतला होता. फरक एवढाच कीं बर्डला धोका कळला होता व इलाज सांपडत नव्हता. माझ्या हाताशीं इलाज होता, आणि मीं तोच चिंध्यांनीं बुजवून टाकला होता.

त्या रात्रीं माझ्या मनांत आजीविषयीं प्रेमाशिवाय दुसरें कांहींहि नव्हतें. हें मी स्वतःच्या समर्थनार्थ सांगत नाहीं. उलट यासाठीं सांगतों कीं प्रेम होतें म्हणूनच मीं एवढ्या काळजीनें प्रत्येक फट बुजविली. आळशी मुलगा असतों तर दोनचार फटी राहून गेल्या असत्या, आणि त्याच आमच्या कामीं आल्या असत्या. ज्याच्यावर आपली माया आहे त्याच्यासाठीं कांहीं करावयास निघालों तर त्या कामाचें ज्ञानहि मिळविलें पाहिजे. नुसती माया पुरत नाहीं. आणि ज्ञान मिळविण्यास आम्हांला फार दूर जावें लागलें नाहीं. तें फळ्याजवळ उभ्या असलेल्या गुरुजींजवळ होतें, रस्त्याकडेच्या चाचांजवळ होतें, आणि "विझव हं" म्हणणाऱ्या आईजवळ तर आधींपासूनच होतें. मीं तें आधीं विचारलें नव्हतें, आणि सांगितलें तेवढें ऐकलें नव्हतें.

पुढें गांव नव्या जागीं वसलें. २०१६ मध्यें उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर ज्या घरांत चुलीशिवाय दुसरें कांहीं नव्हतें तेथेंहि गॅसची शेगडी आली. तेव्हां वातीच्या स्टोव्हची ही जुनी गोष्ट आतां कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु ज्योत बदलली तरी तिचा नियम बदललेला नाहीं. थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी खोलींत घेऊन दार लावून झोपणारीं माणसें आजहि आहेत. लहानशा न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावून, थंडी वाजते म्हणून झरोका बंद करून, आंत बराच वेळ स्नान करीत राहणारींहि आहेत. आणि त्यांतील कांहीं परत बाहेर येत नाहींत. जेथें कांहींहि जळतें तेथें हवेला येण्यास एक वाट आणि जाण्यास एक वाट हवी. डोकें जड झालें, मळमळलें, विनाकारण गुंगी येऊं लागली, तर ती झोंप समजूं नये. आधीं दार उघडून बाहेर यावें, कारण मग शोधावें.

आजी त्यानंतर अकरा वर्षें जगली. बहिणीचें लग्न होऊन ती आतां दूर नांदते, दर वर्षीं थंडी पडली कीं तिचा फोन येतो आणि ख्यालीखुशाली विचारण्याआधींच ती म्हणते, "दादा, खिडकी उघडी आहे ना?" तिला त्या रात्रीचें कांहींहि आठवत नाहीं, तरी हा प्रश्न ती विसरत नाहीं.

मी अजूनहि दर दिवाळीस तो स्टोव्ह फडताळावरून खालीं काढतों, नळकांड्यांचीं भोकें तारेनें साफ करतों आणि वाती कात्रीनें सारख्या करतों. गेल्या वर्षीं माझा मुलगा जवळ येऊन बसला व म्हणाला, "बाबा, जो पेटवायचाच नाहीं तो साफ कशाला करतां?" मीं त्याच्या हातीं तार दिली आणि ही हकीकत त्याला प्रथमच सांगितली. तो ऐकत ऐकत भोकें साफ करीत राहिला. सांगून झाल्यावर तो उठला, न्हाणीघराकडे गेला, आणि तेथील झरोक्याला आम्हीं पावसाळ्यांत लावलेला पुठ्ठा काढून घेऊन आला. तो मींच लावला होता, आणि काढावयास विसरलों होतों.

मुलांनो, हें वाचून झाल्यावर तुमच्या घरींहि असा एखादा पुठ्ठा राहिला आहे काय, तें एकदां पाहून या.